अकूस्टिक गिटारसाठी तारा कशा निवडायच्या? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्लासला कुणी नवीन आलं की मी आधी त्याची गिटार मागून घेतो आणि सहाही तारांवरून बोट फिरवतो. बहुतेकदा दुकानातून आल्या त्याच तारा असतात, काळवंडलेल्या, बोटाला खरखरीत लागणाऱ्या. आणि समोरचा सांगत असतो, "सर, बोटं फार दुखतात, मला जमेल असं वाटत नाही." अशी कितीतरी माणसं दोन-तीन महिन्यांत गिटार कपाटावर ठेवून देतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्यांतल्या बऱ्याच जणांच्या बोटांत काही खोट नव्हती. चुकीच्या जाडीच्या किंवा फार उंच बसलेल्या तारांनी त्यांना थकवलं होतं. विद्यार्थ्यांकडून आणि त्यांच्या पालकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. सगळे वाचायला वेळ नसेल तर पहिले पाच तरी वाचा.

माझ्या गिटारला स्टीलच्या तारा लागतात की नायलॉनच्या? ओळखायचं कसं?

दुकानात जाण्याआधी हा एकच प्रश्न सोडवला तरी मोठं नुकसान टळतं. आधी ब्रिज बघा, म्हणजे गिटारच्या पोटावर तारा जिथे अडकतात ती पट्टी. तिथे सहा छोट्या खुंट्या, म्हणजे ब्रिज पिन, ठोकल्यासारख्या दिसत असतील तर गिटार स्टीलच्या तारांची आहे. तारा ब्रिजच्या आडव्या भोकांतून ओवून गाठ मारून बांधल्या असतील तर ती क्लासिकल, म्हणजे नायलॉनच्या तारांची. मानेची रुंदीही सांगते. क्लासिकल गिटारची मान नटजवळ, म्हणजे डोक्याकडच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीजवळ, साधारण ५२ मिलिमीटर रुंद असते, स्टीलवालीची ४३च्या आसपास. आपल्याकडे घरोघरी दिसणाऱ्या दोन गिटारींचं उदाहरण द्यायचं तर यामाहाची एफ ३१० स्टीलची आणि सी ४० नायलॉनची.

डोक्याकडच्या भागावरून मात्र ठरवू नका. त्यात दोन लांब खाचा असल्या की क्लासिकल, असं सांगितलं जातं, पण काही स्टीलच्या गिटारींनाही तशा खाचा असतात.

आणखी एक फसगत नेहमी होते. नायलॉनच्या सेटमध्ये चौथी, पाचवी आणि सहावी तार धातूची दिसते. तिच्या आत नायलॉनच्या बारीक धाग्यांचा गाभा असतो आणि वरून चांदीचा मुलामा दिलेली तांब्याची तार गुंडाळलेली असते. "सर, तीन तारा स्टीलच्या आहेत, तीन प्लास्टिकच्या, कुणीतरी मिसळून टाकल्यात," असं म्हणत लोक येतात. मिसळलेलं काही नसतं, तो पूर्ण नायलॉनचाच सेट असतो.

नायलॉनच्या गिटारला स्टीलच्या तारा लावल्या तर काय होतं? आवाज तर मोठा येतो.

गिटार हळूहळू मोडते. नायलॉनच्या सहा तारांचा मिळून ताण ४० किलोच्या आतबाहेर असतो. स्टीलचा १२ गेजचा (गेज म्हणजे तारेची जाडी, पुढच्या प्रश्नात सांगतो) सेट सुरात लावला की तोच ताण ७४ किलोच्या आसपास जातो. क्लासिकल गिटारचं पोट पातळ, आतल्या लाकडी पट्ट्या हलक्या, आणि बहुतेकींच्या मानेत लोखंडी सळई, म्हणजे ट्रस रॉड, नसतो. एवढा ओढा तिला सोसत नाही. आधी पोट फुगतं, मग मान वाकते, तारा उंच उचलल्या जातात आणि शेवटी ब्रिज पोटापासून उखडतो.

मी हे स्वतः भोगलं आहे. रत्नागिरीत शाळेत असताना माझ्या पहिल्या गिटारला एका दुकानात स्टीलच्या तारा चढवून दिल्या गेल्या. गिटार नायलॉनची आहे हे मला माहीत नव्हतं आणि लावून देणाऱ्यानेही पाहिलं नाही. पावसाळ्यात एके रात्री कपाटातून मोठा आवाज झाला. सकाळी पाहिलं तर ब्रिज तारांना लटकत होता आणि पोटावर लाकडाचा पापुद्रा निघाला होता. ती गिटार पुन्हा कधी नीट वाजली नाही.

उलट, स्टीलच्या गिटारला नायलॉन लावलं तर मोडतोड होत नाही, पण आवाज मरतो. एवढ्या कमी ताणाने जाड पोट हलतच नाही.

दुकानदार 'टेनचा सेट', 'इलेव्हनचा सेट' म्हणतो, ते काय असतं?

ती पहिल्या, म्हणजे सर्वांत बारीक तारेची जाडी असते, इंचाच्या हजाराव्या भागात मोजलेली. 'टेन' म्हणजे ०.०१० इंच, साधारण पाव मिलिमीटर. पाकिटावर सहसा पहिली आणि सहावी अशा दोन तारांचे आकडे छापलेले असतात. एक्स्ट्रा लाइट म्हणजे १०–४७, कस्टम लाइट ११–५२, लाइट १२–५३ आणि मीडियम १३–५६. कंपनीनुसार एखाद्या आकड्याचा फरक पडतो. नावांवर फार विसंबू नका, कारण एकीचा 'लाइट' दुसरीचा 'कस्टम लाइट' निघू शकतो. आकडे वाचा.

एका आकड्याने असा काय फरक पडणार?

पुष्कळ पडतो, आणि त्यामागचं गणित साधं आहे. लांबी आणि सूर तेच ठेवले तर साध्या तारेचा ताण तिच्या जाडीच्या वर्गाच्या पटीत वाढतो. दहाची तार काढून बाराची लावली तर जाडी १.२ पट झाली, पण ताण १.४४ पट. किलोत सांगायचं तर पहिल्या तारेवरचा ताण सात-सव्वासात किलोवरून साडेदहा किलोवर जातो. पूर्ण सेटचा हिशेब केला तर १०–४७ला साधारण ६० किलो, १२–५३ला ७४ आणि १३–५६ला ८४ किलोच्या आसपास. नव्या माणसाला बॅरे कॉर्ड, म्हणजे एकाच बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबून धरायचा कॉर्ड, दाबताना जो घाम फुटतो, तो या फरकातून येतो.

मग मी कोणता गेज घ्यावा?

पहिल्यांदा शिकणाऱ्याला मी जवळपास नेहमी १०–४७ सुचवतो. बोटांना घट्टे पडेपर्यंतचे पहिले काही आठवडे पार करणं हे त्या वेळचं सगळ्यात मोठं काम असतं आणि बारीक तारा त्यात खरी मदत करतात. "बारीक तारांवर शिकलास तर हात कच्चा राहील, तेराच्या तारांवर रगडून काढ," असं सांगणारे जुने वादक भेटतात. मला हे पटत नाही. हात वाजवून पक्का होतो, आणि दुखण्यामुळे वाजवणंच सुटलं तर पक्कं व्हायला उरतं काय?

सहा-आठ महिन्यांनी, एफचा बॅरे कॉर्ड बऱ्यापैकी वाजू लागला की ११–५२ लावून बघा. मला स्वतःला हा मधला सेट सर्वांत आवडतो. कॉर्ड छेडताना आवाज भरीव येतो, बोटांनी एकेक तार वाजवताना हात जड होत नाही आणि तार ओढून मींड घेणंही जमतं. भावगीताच्या किंवा गझलेच्या साथीला बसणाऱ्यांना मी डोळे मिटून अकराच सांगतो.

१२–५३ हा जगभरातल्या बहुतेक मोठ्या अकूस्टिक गिटारींवर कारखान्यातून येणारा सेट. मोठ्या पोटाची ड्रेडनॉट गिटार असेल, पिकने जोरात स्ट्रमिंग करायचं असेल, माईकशिवाय चार गाणाऱ्यांच्या आवाजात गिटार ऐकू जायला हवी असेल, तर बारा लावा. आवाजाचं घनफळ लगेच जाणवतं. तेराचा मीडियम सेट लावण्याआधी गिटार तो ताण घेईल का हे जाणकाराला दाखवा. स्वस्त किंवा जुन्या गिटारला तेरा लावूच नका. खालच्या सुरांत, ओपन ट्यूनिंगमध्ये (तारा न दाबताच कॉर्ड वाजेल अशा सुरांत) वाजवणाऱ्यांना किंवा स्लाइड (तारांवरून सरकवायची नळी) वापरणाऱ्यांना मात्र जाड तारा उपयोगी पडतात, कारण सूर उतरवल्यावर बारीक तार ढिली पडून फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर, झणझणते.

गिटारची तारलांबीही लक्षात घ्या, म्हणजे नटपासून सॅडलपर्यंतचं (ब्रिजवर तारा टेकतात त्या पट्टीपर्यंतचं) अंतर. ती सहसा ६४५ ते ६५० मिलिमीटर असते. एफ ३१०ची ६३४ आहे, त्यामुळे तोच सेट तिच्यावर किंचित मऊ लागतो. दोन मित्रांनी एकाच दुकानातून एकच सेट आणला आणि एकाला तो कडक, दुसऱ्याला मऊ वाटला, तर दोघांचंही खरं असू शकतं.

गेज बदललात की मानेवरचा ओढा बदलतो, हे विसरू नका. दहावरून बारावर गेलात तर मान थोडी पुढे वाकून तारा उंच होऊ शकतात. बारावरून दहावर आलात तर उलट, तारा खाली येऊन फ्रेटला घासू शकतात. अशा वेळी ट्रस रॉडला थोडा पीळ द्यावा लागतो. पहिल्यांदा तो जाणकाराकडून देऊन घ्या.

दहाचा सेट लावला तरी बोटं दुखतात. आता काय?

तर दोष बहुधा तारांच्या उंचीचा, म्हणजे ॲक्शनचा आहे. बाराव्या फ्रेटवर, फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. सहाव्या तारेखाली साधारण अडीच मिलिमीटर आणि पहिलीखाली दोनच्या आसपास असेल तर गिटार हाताला सोपी लागते. पट्टी नसेल तर उठावाची अक्षरं नसलेली तीन एटीएम कार्डं एकावर एक ठेवा, ती सव्वादोन मिलिमीटरच्या थोडी वर भरतात. सहाव्या तारेखाली ती घालून वर आणखी बरीच फट उरत असेल तर सॅडल घासून खाली करून घ्या. स्वस्त गिटारींचा नटही अनेकदा उंच असतो, मग पहिल्याच फ्रेटवर एफ दाबताना जीव जातो. हे काम जाणकार माणसाकडून अर्ध्या-पाऊण तासात होतं आणि महागड्या तारांच्या चार सेटनी होणार नाही एवढा फरक पाडतं.

तोवर आजच करता येण्यासारखा एक उपाय आहे. सहाही तारा अर्धा सूर उतरवा. ताण साधारण ११ टक्क्यांनी कमी होतो. मग पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावा, म्हणजे सूर पुन्हा नेहमीचे आणि नटची उंचीही मधून गेली. मी लहान मुलांना आणि पन्नाशीनंतर शिकायला आलेल्यांना सुरुवातीला असंच वाजवायला देतो.

पाकिटावर '८०/२० ब्राँझ' आणि 'फॉस्फर ब्राँझ' असतं. काय घेऊ?

आधी हे कळू द्या की पहिली आणि दुसरी तार दोन्ही सेटमध्ये सारखीच असते, साधी पोलादी. फरक आहे तिसरीपासून सहावीपर्यंतच्या तारांत, पोलादी गाभ्याभोवती जी तार गुंडाळतात तिच्यात.

८०/२० म्हणजे ८० टक्के तांबं आणि २० टक्के जस्त. नाव ब्राँझ असलं तरी आपल्या भाषेत ते पितळच. आवाज लखलखीत, खणखणीत, वरच्या सुरांची झळाळी जास्त. नवी असताना ही तार ऐकत राहावी अशी वाजते. पण ती झळाळी लवकर उतरते, दमट हवेत तर फारच लवकर.

फॉस्फर ब्राँझमध्ये तांबं ९२ टक्क्यांच्या आसपास, बाकी मुख्यतः कथील आणि चिमूटभर फॉस्फरस. हे खऱ्या अर्थाने काशाच्या जातीचं. आवाज जरा उबदार, खर्ज गोल, आणि मुख्य म्हणजे तो आवाज जास्त दिवस टिकतो. डॅडारिओने १९७४ मध्ये अशा तारा बाजारात आणल्या आणि आज अकूस्टिक गिटारसाठी सर्वांत जास्त त्याच दिसतात.

गिटार स्वतः घुमारदार, जड आवाजाची असेल तर ८०/२० तिला उजळ करतात. आवाज पातळ आणि कर्कश असेल तर फॉस्फर ब्राँझ तो भरून काढतात. काहीच कळत नसेल तर फॉस्फर ब्राँझ घ्या, पश्चात्ताप होणार नाही.

'सिल्क अँड स्टील' म्हणजे रेशमाच्या तारा का?

रेशमाचे, किंवा हल्ली बहुतेकदा नायलॉनचे, धागे पोलादी गाभा आणि वरच्या गुंडाळीच्या मध्ये घालतात. ताण कमी, आवाज मऊ आणि लहान. सांधे दुखणाऱ्या माणसाला, जुन्या नाजूक गिटारला किंवा घरात रात्री हळू वाजवणाऱ्याला या तारा फार सुखाच्या. जोरात स्ट्रमिंग करणाऱ्याने यांच्या वाटेला जाऊ नये.

कोटेड तारा महाग असतात. घ्याव्यात का?

तुम्ही कुठे राहता, यावर हे उत्तर अवलंबून आहे. तारेला मारतात घाम, ओल आणि गुंडाळीच्या फटींत साचणारा मळ. फटींत मळ बसला की तार जड होते, तिचं वजन सगळीकडे सारखं राहत नाही, वरच्या फ्रेटवर सूर खोटा बोलू लागतो आणि आस, म्हणजे सुराची लांबण, कमी होते. कोटेड तारेवर अतिशय पातळ प्लास्टिकसारखा थर असतो, त्यामुळे ओल आणि मळ आत शिरत नाही. एलिक्सिरच्या तारा यात सर्वांत प्रसिद्ध. त्या बनवणारी गोअर कंपनी गोअरटेक्स या पाऊस अडवणाऱ्या कापडासाठीही ओळखली जाते. तारा आणि रेनकोट यांचं नातं तिथे जुळलं.

मुंबई, अलिबाग, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा. या पट्ट्यात राहत असाल तर मी कोटेड तारांचीच शिफारस करीन. जून ते सप्टेंबर साधी पहिली तार तिथे दोन-तीन आठवड्यांत गंजाचे ठिपके दाखवू लागलेली मी पाहिली आहे. किंमत साध्या सेटच्या दुप्पट-अडीचपट असते, पण तारा टिकतातही त्या मानाने जास्त. शिवाय दर महिन्याला तारा बदलण्याची कटकट वाचते.

नागपूर, अकोला, छत्रपती संभाजीनगरकडे हवा कोरडी. तिथे तळहाताला घाम येत नसेल तर साधा फॉस्फर ब्राँझ सेट छान चालतो. पुण्यात मी स्वतः पावसाळ्यात कोटेड आणि दिवाळीनंतर साध्या लावतो. थंडीतल्या कोरड्या हवेत नव्याकोऱ्या, कोटिंग नसलेल्या तारांचा जो उघडा आवाज येतो, तो मला कोटेड तारांत अजून सापडलेला नाही. काहींना कोटेड तार बोटाखाली निसरडीही वाटते. एकदा लावून बघितल्याशिवाय हे कळायचं नाही.

हाताच्या घामात फार फरक असतो. माझ्या दोन विद्यार्थिनी सख्ख्या बहिणी आहेत, एकच गिटार वाजवतात. धाकटी वाजवायला लागली की तारा निम्म्या दिवसांत काळ्या पडतात. तिच्यासाठी मी कोटेड सेटच ठरवून टाकला आहे.

इलेक्ट्रिक गिटारचा सेट अकूस्टिकला चालेल? बारीक असतो म्हणून विचारतो.

गिटारला धोका काही नाही, पण आवाज निराशा करील. इलेक्ट्रिकच्या तारांवर निकेलचा मुलामा दिलेलं पोलाद गुंडाळलेलं असतं, कारण तिथल्या पिकअपला (तारेचं कंपन टिपणाऱ्या भागाला) चुंबकाने ओढली जाणारी तार हवी असते. ब्राँझचा तो भरलेला नाद तिच्यात नाही. शिवाय तिच्या सेटमधली तिसरी तार सहसा साधी, न गुंडाळलेली असते. अकूस्टिकचं सॅडल गुंडाळलेल्या तिसरीच्या हिशेबाने घासलेलं असल्यामुळे ही तार वरच्या फ्रेटवर चढी बोलते. बारीकच हव्या असतील तर अकूस्टिकचा दहाचा सेट घ्या.

आमचे गायक काळी एकात (सी शार्पमध्ये) गातात. गिटार अर्धा सूर चढवून लावू का?

नको. अर्धा सूर चढवला की प्रत्येक तारेचा ताण १२ टक्क्यांनी वाढतो. बाराचा सेट असेल तर गिटार जवळजवळ तेराच्या सेटचं ओझं उचलते, आणि पहिली तार ऐन कार्यक्रमात तुटण्याची भीती वेगळी. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा आणि पांढरी एकाचे, म्हणजे सी मेजरचे आकार धरा. गायक काळी दोनला गेले तर कॅपो तिसऱ्या फ्रेटवर. पेटीवाल्यांबरोबर बसणाऱ्या प्रत्येक गिटारवादकाकडे चांगला कॅपो असायलाच हवा. स्वस्त कॅपो तारा वेड्यावाकड्या दाबून सूर बिघडवतो आणि दोष तारांवर येतो.

तारा किती दिवसांनी बदलायच्या?

कॅलेंडर बघून ठरवू नका, तारांना विचारा. गुंडाळलेल्या तारा काळपट झाल्या, खालून बोट फिरवल्यावर फ्रेटच्या जागी खाचा लागल्या, पहिल्या तारेवर खरखर आली, ट्यूनर बरोबर दाखवतोय तरी कॉर्ड कानाला खटकतोय, यांतलं काहीही झालं की बदला. रोज तासभर वाजवणाऱ्याच्या साध्या तारा एक-दोन महिने चांगल्या राहतात. आठवड्यातून दोनदा वाजवणाऱ्याच्या तीन-चार महिने. वर्षभर न बदललेल्या भारी तारांपेक्षा कालच लावलेला सर्वांत स्वस्त सेट चांगला वाजतो. पैसे मोजकेच असतील तर साध्या तारा घ्या, पण वेळेवर बदला.

आयुष्य वाढवायचं तर वाजवण्याआधी हात धुऊन कोरडे करा. वडापाव खाऊन थेट गिटारला हात लावू नका, तेल-मीठ दोन्ही तारांचे वैरी. वाजवून झाल्यावर जुन्या सुती कापडाने प्रत्येक तार वरून आणि खालून पुसा. खालून पुसायचं बहुतेक जण विसरतात आणि गंज तिथूनच सुरू होतो. पावसाळ्यात गिटार बॅगेत ठेवा आणि सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या बाहेरच्या कप्प्यात टाका.

तारांना खोबरेल तेल लावलं तर गंज लागणार नाही ना?

गंज थोडा लांबेल, पण तार त्याच दिवशी मरेल. तेल गुंडाळीच्या फटींत उतरतं, धूळ धरून ठेवतं आणि नाद बसतो. फिंगरबोर्डलाही, म्हणजे मानेवरच्या बोटं दाबायच्या लाकडी पट्टीलाही, खोबरेल लावू नका. ते कालांतराने चिकट होतं आणि खवट वास धरतं. रोझवूडचा बोर्ड फार कोरडा दिसला तर वर्षातून एक-दोनदा फिंगरबोर्डसाठीच मिळणाऱ्या तेलाचे दोन थेंब पुरतात, तेही तारा काढलेल्या असताना.

पहिली तार सारखी तुटते. तारा नकली आहेत का?

असू शकतात, पण आधी कुठे तुटली ते बघा. दर वेळी सॅडलपाशी तुटत असेल तर सॅडलला धार आली आहे. नटपाशी तुटत असेल तर खाच अरुंद किंवा खरबरीत आहे. डोक्याकडच्या, सूर लावायच्या खुंटीच्या भोकापाशी तुटत असेल तर तिथे धातूचा बारीक काटा राहिला असेल. खूप बारीक सँडपेपरने हलकेच घासलं तरी काम होतं. ब्रिजच्या आतल्या टोकाला, गोळीजवळच्या (तारेच्या शेवटी असलेल्या धातूच्या मण्याजवळच्या) पिळावर तुटली तर मात्र तारेचाच दोष.

नवशिक्यांच्या तारा तुटण्याचं सर्वांत मोठं कारण वेगळंच असतं. ट्यूनर ॲपवर फक्त 'ई' दिसतो, आणि माणूस आधीच सुरात असलेली तार पिळत पिळत वरच्या 'ई'कडे निघतो. पहिली तार ३२९.६ हर्ट्झची, सहावी ८२.४ची. ॲप आकडे दाखवत असेल तर तिकडे लक्ष ठेवा. तार खूप घट्ट लागतेय असं वाटलं की थांबा, सूर खाली उतरवा आणि पुन्हा हळूहळू वर या.

एकच तार तुटली तर पूर्ण सेट घ्यावा लागतो?

सेट नवा असेल तर तेवढीच तार बदला. बऱ्याच दुकानांत पहिली, दुसरी सुटी मिळते. जाडी मात्र तीच मागा, 'पहिली द्या' एवढं पुरेसं नाही. सेट जुना असेल तर सगळ्याच बदला, नाहीतर नवी तार एकटीच ओरडत राहते. बॅगेत पहिलीच्या दोन जादा तारा कायम असू द्या.

नव्या तारा लावल्या की दर पाच मिनिटांनी सूर उतरतो. खुंट्या खराब झाल्या का?

नाही, नवी तार ताणून बसेपर्यंत उतरणारच. ती लवकर बसवायची रीत अशी. ब्रिजच्या भोकात गोळी टाकून पिन दाबल्यावर तार वर ओढून गोळी आतल्या लाकडाला नीट टेकली आहे याची खात्री करा. ती पिनच्या टोकावर अडकून राहिली तर पिन उडते आणि सूरही टिकत नाही. खुंटीवर दोन-तीन वेढे पुरे, जाड तारांना दोन. वेढे एकावर एक न चढता खाली खाली उतरत गेले पाहिजेत. सुरात लावल्यावर प्रत्येक तार बाराव्या फ्रेटजवळ चिमटीत धरून पोटापासून हळुवार उचला, पुन्हा सुरात लावा. असं तीन-चार वेळा केलं की तार स्थिर होते. नेहमी खालून वर येत सूर लावा. तार चढी झाली तर आधी उतरवा, मग वर आणा, म्हणजे खुंटीच्या दात्यांतली ढिलाई निघून जाते.

उरलेलं टोक कापून टाका. ती पोलादी सुई असते, डोळ्याला किंवा शेजारी बसलेल्याच्या हाताला लागते.

नायलॉनच्या तारा बसायला चार-पाच दिवसही घेतात. तिथे धीर धरण्याला पर्याय नाही.

नायलॉनमध्ये 'नॉर्मल टेन्शन' आणि 'हार्ड टेन्शन' असतं. कोणतं?

नॉर्मल. हार्ड टेन्शनने आवाज थोडा जोरकस येतो, पण डाव्या हाताला जास्त मेहनत पडते आणि जुन्या गिटारवर ओढा वाढतो. नायलॉन तसं अलीकडचं. त्याआधी क्लासिकल गिटारला मेंढीच्या आतड्याच्या तारा असत. दुसऱ्या महायुद्धात त्यांचा तुटवडा पडला आणि न्यूयॉर्कमध्ये ॲल्बर्ट ऑगस्टीन यांनी १९४०च्या दशकात नायलॉनच्या तारा तयार केल्या. आंद्रेस सेगोव्हियांसारख्या वादकाने त्या स्वीकारल्यावर जगभर त्याच रूढ झाल्या.

आठ वर्षांच्या मुलीसाठी लहान गिटार घेतली आहे. तिला कोणत्या तारा?

गिटार अजून घ्यायची असती तर मी नायलॉनची पाऊण मापाची सुचवली असती. बोटं कोवळी असतात. स्टीलची लहान गिटार आधीच घेतली असेल तर दहाचा सेट फार ढिला पडेल, कारण लांबी कमी झाली की ताणही तिच्या वर्गाच्या पटीत घटतो. ५८० मिलिमीटर लांबीच्या गिटारवर अकराचा सेट लावा. हाताला तो मोठ्या गिटारवरच्या दहासारखाच लागेल आणि तारा झणझणणार नाहीत.

बारा तारांच्या गिटारला काय लावू?

तिच्यासाठीचाच १०–४७चा सेट, आणि जमेल तर एक सूर खाली लावा. तिसऱ्या जोडीतली वरच्या सप्तकातली तार जेमतेम आठ-नऊ गेजची असते. तुटली तर तीच तुटते.

कोणत्या कंपनीच्या चांगल्या? आणि नकली कशा ओळखायच्या?

डॅडारिओ, मार्टिन, एर्नी बॉल, एलिक्सिर. यांतल्या कुणाच्याही त्याच गेजच्या, त्याच धातूच्या तारा घेतल्या तर फरक थोडाच. आधी गेज ठरवा, मग धातू, मग कोटिंग, आणि कंपनी सर्वांत शेवटी. दोन-तीन सेट वापरून झाले की एखादी कंपनी आपोआप हाताला आवडू लागते, मग तिच्याशीच राहा.

नकली तारांचा त्रास खरा आहे. अस्पष्ट छपाई, पाकिटावरच्या शुद्धलेखनाच्या चुका आणि नेहमीच्या निम्म्याहून कमी किंमत ही लक्षणं. डॅडारिओच्या पाकिटात नोंदणीसाठी कोड असतो, शिवाय तारांच्या गोळ्यांना ठरलेले रंग असतात. पहिलीला चंदेरी, मग जांभळा, हिरवा, काळा, लाल आणि सहावीला पितळी. रंग चुकले किंवा सगळ्या गोळ्या एकाच रंगाच्या निघाल्या तर परत करा.

परीक्षेमुळे चार महिने गिटार वाजणार नाही. तारा सैल करून ठेवू का?

एक-दोन सूर उतरवून ठेवा, पूर्ण ढिल्या करू नका. तारांचा ओढा आणि ट्रस रॉडचा उलटा जोर एकमेकांना तोलून धरतात, तारा अगदी सोडल्या तर मान मागे वाकू शकते. तारा पुसा, गिटार बॅगेत घाला, बाहेरच्या भिंतीला टेकवू नका आणि बंद गाडीत तर कधीच सोडू नका. मे महिन्याच्या उन्हात गाडीतल्या उष्णतेने ब्रिजचा डिंक मऊ होतो. परीक्षा संपली की नवा सेट आणा. जुना चार महिने पडून काळवंडलेला असेल, आणि इतक्या दिवसांनी पहिला कॉर्ड नव्या तारांवर वाजवण्यात जो आनंद आहे तो तुम्ही घ्यावा, असं मला वाटतं.